खिंड ही मुक्कामाची जागा नव्हे

श्रोतेहो, डोंगर ओलांडायच्या वाटेला मराठीत एकच शब्द नाही. घाट आहे, खिंड आहे, बारी आहे, नाळ आहे. ज्यांना रोज डोंगर ओलांडावा लागतो त्यांनाच एवढे शब्द लागतात. आमच्या कवठे येमाईपासून जुन्नर काही फार लांब नाही, आणि जुन्नरच्या पुढे नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच वाटेनं वर चढून जुन्नर आणि पुढे पैठणकडे जात होता. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण, असं लोक सांगतात. म्हणजे खिंडीतून जाणाऱ्यानं काहीतरी मोजूनच पुढे जायचं, ही रीत जुनी आहे.

तिकडे हिमालयात खिंडीला ‘ला’ म्हणतात. रोहतांग ला, बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला, खारदुंग ला. मोटारसायकलवर हिंडणाऱ्या पोरांना ही नावं पाठ असतात. हल्ली आमच्या शिरूर तालुक्यातली पोरंसुद्धा लडाखला जातात आणि गाडीच्या मागच्या बाजूला रंगीत पताका बांधून परत येतात. त्या पताका बघून आम्हा चौघा पन्नाशीच्या माणसांनाही लडाखचं वेड लागलं.

चौघं म्हणजे कोण? एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं. एक कांद्याचे व्यापारी, ते शेठ. एक गॅरेजवाला, तो मिस्त्री. चौथा मी. मी कविता करतो म्हणून हे तिघं मला शायर म्हणतात. आमच्या गावात कवी असणं काही विशेष नाही. तमाशाच्या फडांना लावण्या, गवळणी आणि वगनाट्यं लिहून देणारे बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यामुळे मुसलमानाचं पोर मराठीत कविता लिहितं याचं कवठ्यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटलं ते या वयात आम्ही फटफट्या घेऊन हिमालयात निघालो याचं.

आम्ही दोन वर्षं भिशी लावली. दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला पडत गेले. मिस्त्रीनं तिन्ही गाड्या खोलून पुन्हा बांधल्या. त्याची स्वतःची जुनी कार्बोरेटरवाली बुलेट, माझी आणि शेठची नवी, इंजेक्शनवाली. मास्तर आळीपाळीनं मागे बसणार होते. २०२२ साली गणपती उठले आणि दोन दिवसांनी आम्ही निघालो. शेठच्या खिशात यमाईचा अंगारा होता. माझ्या अम्मीनं दंडाला इमाम-ए-जामिनचं नाणं बांधलं. मुसाफिर सुखरूप परत आला की ते नाणं सोडून दान करायचं, अशी आमच्यात चाल आहे. मिस्त्रीनं ते बघितलं आणि म्हणाला, “अम्मी, मलाबी बांधा की. गाडीत तर मीच हात घालणार हाय.” अम्मीनं त्यालाही बांधलं.

नाशिक, धुळे, इंदूर करत आम्ही मध्य प्रदेश आणि राजस्थान ओलांडला आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी मनालीला पोहोचलो. तिथून खरा रस्ता सुरू होतो. पूर्वी मनालीहून निघालं की पहिल्यांदा रोहतांग चढावा लागे. उंची तेरा हजार फूट. रोहतांग या नावाचा अर्थ लोक ‘प्रेतांचं मैदान’ असा सांगतात. आता त्याच्या पोटातून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू झाला आणि मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरनं कमी झालं. अलीकडे हिरवीगार झाडी होती. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे बाहेर पडलो, तर उघडे डोंगर आणि कोरडी हवा. शेठ म्हणाले, “च्यायला, हे तर आपलं शिरूरच निघालं.” पर्जन्यछायेचा प्रदेश कसा असतो हे आम्हाला शिकवावं लागत नाही. सह्याद्रीनं आमचा पाऊस अडवला, तसा पीर पंजालनं लाहौलचा अडवला.

लाहौलमध्ये तांडी नावाची जागा आहे. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो आणि पुढे त्या नदीला चंद्रभागा म्हणतात. तीच पुढची चिनाब. हे ऐकल्याबरोबर मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. आमच्याकडची घोड नदी भीमेला मिळते आणि पंढरपुरात तीच भीमा चंद्रभागा होते. मास्तर वारकरी आहेत. खाली उतरून त्यांनी ते गार पाणी डोळ्यांना लावलं. ते म्हणाले, “शायर, घरच्या पाण्याची पाव्हणी भेटली.” गंमत अशी, की चंद्रा आणि भागा या दोघींचा उगम बारालाचा खिंडीच्याच दोन बाजूंना आहे. एक इकडून निघते, एक तिकडून, दोघी डोंगराला वळसा घालतात आणि तांडीला भेटतात. तिथले लोक त्यांची प्रेमकथा सांगतात. बारालाचाच्या माथ्यावर जुन्या काळी लाहौल, स्पीती, लडाख आणि झंस्करकडच्या वाटा एकत्र येत. नावाचा अर्थही माथ्यावरचा चौरस्ता असाच सांगतात.

आता श्रोतेहो, थोडं उंचीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपलं कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ५,४०० फूट. बारालाचा त्याच्या जवळजवळ तिप्पट, सोळा हजार फुटांच्या घरात. तिथली हवा इतकी विरळ असते, की एका श्वासात समुद्रकाठच्या मानानं जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक प्राणवायू मिळतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. डॉक्टर सांगतात, की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम दीड हजार फुटांपेक्षा जास्त चढवू नये. पण मनाली-लेह रस्त्यावर मुक्कामाच्या जागा अशा आहेत, की हा हिशेब जमत नाही. जिस्पा साडेदहा हजार फुटांवर, आणि तिथून पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू चौदा हजारांवर. आम्ही जिस्पाला दोन रात्री राहिलो. पाणी भरपूर पीत होतो, जेवण हलकं ठेवलं होतं.

बारालाचा चढताना मिस्त्रीची बुलेट धापा टाकायला लागली. मागून काळा धूर. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि आम्हाला समजावून सांगितलं. कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, पण हवा कमी पडते. मिश्रण घट्ट होतं, पेट्रोल नीट जळत नाही, ताकद जाते. नव्या गाड्यांत यंत्र स्वतःच हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतं. त्यानं जाताना बारीक जेट आणलेले होते, ते तिथेच बसवले. दहा मिनिटांत गाडी सरळ झाली. “इंजिनाला दम लागला की त्याचं खाणं कमी करायचं,” तो म्हणाला. आमच्यात सगळ्यात तरणा तो, ताकदीचाही तोच. पन्नास किलोची गोणी अजून एका झटक्यात खांद्यावर घेतो.

माथ्यावर पताका फडफडत होत्या. तिकडचे लोक खिंडीच्या माथ्यावर पोहोचले की ‘की की सो सो ल्हार्ग्यालो’ असा पुकारा करतात. अर्थ, देवांचा विजय असो. एका ट्रकचालकानं आम्हाला तो शिकवला. मला त्यातली एक गोष्ट आवडली. माथ्यावर पोहोचलेला माणूस स्वतःचा जयजयकार करत नाही. शिखरावर झेंडा लावतात. खिंडीत थांबतात, हात जोडतात आणि उतरायला लागतात. खिंड ही मुक्कामाची जागा नव्हे.

संध्याकाळी सरचूला तंबूत उतरलो. मिस्त्री जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. ते आम्हा सगळ्यांचंच दुखत होतं. मध्यरात्री त्याला उलट्या झाल्या. दोनच्या सुमारास तो उठून बाहेर निघाला तेव्हा त्याचे पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. त्याला आयुष्यात कधी दारूचा थेंब चालत नाही. मी हात धरला तर मला म्हणाला, “गॅरेजचं शटर ओढलं का? पोरं तशीच गेली असतील.”

तंबूवर स्वयंपाकाला एक नेपाळी आजोबा होते. ते कंदील घेऊन आले. त्यांनी मिस्त्रीला एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तो दोन पावलांत कोलमडला. आजोबा एकच शब्द बोलले, “नीचे.” उंचीवर मेंदूला सूज यायला लागली, की तोल जातो आणि माणूस भ्रमात बोलायला लागतो. त्यावर पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं. सकाळची वाट बघायची नसते. तब्येतीनं दणकट असण्याचा इथे उपयोग होत नाही. उलट दणकट माणूस दुखणं अंगावर काढतो आणि जास्त अडकतो.

पण श्रोतेहो, सरचूहून खाली म्हणजे कुठे? हीच तिथली मेख आहे. सरचू दोन बाजूंच्या खिंडींच्या मधे आहे. लेहकडे निघालं तर नकी ला आणि लाचुंग ला लागतात, आणि त्यानंतरचं पांगसुद्धा सरचूपेक्षा उंच. मागे फिरावं तर बारालाचा. खाली उतरायचं असेल तर आधी दोन हजार फूट वर चढायला हवं. आजारी माणसाला आणखी विरळ हवेत न्यायचं, म्हणजे तो त्यातून खाली पोहोचेल. मागे एकच खिंड होती आणि तिच्यानंतर सलग उतार होता. तंबूवाल्यानं आपली जीप काढली, जवळचा प्राणवायूचा नळकांडा दिला. मास्तर आणि शेठ गाड्यांजवळ थांबले. मिस्त्रीला मागच्या बाकावर टेकवून मी शेजारी बसलो, आणि रात्री अडीच वाजता आम्ही निघालो.

तो चढ मी विसरणार नाही. जीपच्या उजेडात फक्त रस्त्याचे दगड दिसत होते. फोनला रेंज नाही. मिस्त्रीच्या तोंडावर मुखवटा धरून मी त्याला सारखं बोलतं ठेवत होतो. पिस्टन, क्लच, चेन, जी नावं आठवतील ती विचारत होतो. माथ्याजवळ त्यानं उत्तरं द्यायची बंद केली. तेव्हा मी मोठ्यानं दुरूद म्हणायला लागलो. जीपवाला लाहौली, तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. प्रत्येकजण आपापल्या परीनं तेच मागत होता.

मग उतार लागला. सूरजताल अंधारातच मागे पडला. झिंगझिंगबार गेलं, पतसेव गेलं. दारचाच्या आसपास उजाडलं. तिथे मिस्त्रीनं मुखवटा बाजूला केला आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यानं मला विचारलं, “माझी गाडी कुठं हाय?” माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. केलाँगच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला, औषधं दिली. डॉक्टर म्हणाले, रात्रीच उतरवलंत हे बरं झालं. आणि हेही म्हणाले, की या फेरीत त्याला पुन्हा वर न्यायचं नाही.

दुपारी मास्तर आणि शेठ दोन गाड्या घेऊन आले. मिस्त्रीची बुलेट सरचूलाच होती. संध्याकाळी आम्ही बसलो आणि खरी अडचण पुढे आली. मिस्त्री बरा होता. तोच म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं. मी हितं पडून राहतो. सात दिवसांनी न्यायला या.” शेठना ते पटत होतं, आणि त्यात वावगंही नव्हतं. दोन वर्षं पैसे साठवले होते. कांद्याच्या धंद्यातून एवढे दिवस मोकळे काढणं त्यांना पुन्हा जमेल याची खात्री नव्हती. मास्तर म्हणाले, मी याच्याजवळ थांबतो, तुम्ही दोघं जा. हाही मार्ग बरोबरच होता. पण मास्तरांचं वय आमच्यात सगळ्यात जास्त, पुढच्या वेळेची खात्री त्यांनाच कमी. मग मी थांबतो म्हणालो, तर शेठ म्हणाले, मग मी एकटा कुणाबरोबर जाऊ? असं तासभर चाललं. कुणी कुणावर रागावलं नाही, पण कुणी कुणाच्या डोळ्यांत बघतही नव्हतं.

तेवढ्यात मिस्त्रीच्या घरून फोन आला. त्यानं बायकोला आधीच थोडं सांगितलं होतं. वहिनींनी फोन माझ्याकडे द्यायला लावला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, चौघं गेलाय, चौघंच या.” फोन स्पीकरवर होता. शेठनी ऐकलं आणि उठून त्यांनी चहा सांगितला. पुढे जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

बुलेट आणायला दुसऱ्या दिवशी मी एका ट्रकमध्ये बसून सरचूला गेलो. गाडी चालू करून रस्त्यावर आणली. डावीकडे लेह, उजवीकडे केलाँग. आकाश निळंभोर होतं आणि गाडी उत्तम चालत होती. वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्या धर्मात मुसाफिराला काही सवलती आहेत. प्रवासात नमाज थोडी कमी करता येते, रोजा पुढे ढकलता येतो. प्रवासातल्या माणसाकडून घरातल्यासारखी अपेक्षा ठेवायची नाही, असं त्यामागचं शहाणपण आहे. ठरवलेलं सगळं पुरं झालंच पाहिजे, असा हट्ट खुदानं धरला नाही. मग तो आपण का धरायचा? मी उजवीकडे वळलो.

मिस्त्रीला विश्रांती हवी म्हणून आम्ही केलाँगला तीन दिवस राहिलो. एरवी आम्ही ते गाव पेट्रोल भरण्यापुरतं बघितलं असतं. बटाट्याची काढणी चालू होती. बर्फाचं वितळलेलं पाणी डोंगरावरून लहान पाटांनी शेतात आणलेलं असतं, त्या पाटांना तिथे कूल्ह म्हणतात. कुणाच्या शेताला पाणी कधी, याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. मास्तर म्हणाले, आपल्या पाटकऱ्याला इथे आणून सोडला तर पहिल्या दिवशी कामाला लागेल.

तिथल्या एका आजोबांशी आमची ओळख झाली. बोगद्याआधीचे दिवस त्यांनी सांगितले. नोव्हेंबरच्या सुमारास रोहतांग बंद व्हायचा तो वसंतात उघडायचा. जवळजवळ सहा महिने खोरं जगापासून तुटलेलं. बाळंतीण अडली, कुणाच्या छातीत दुखलं, तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. हवा खराब असली तर तेही येत नसे. काहीजण चालत रोहतांग ओलांडायला निघायचे. त्यातले सगळे पोहोचायचे नाहीत. लाहौलचेच एक रहिवासी, टशी दावा ऊर्फ अर्जुन गोपाल, हे अटलबिहारी वाजपेयींचे जुने मित्र. वाजपेयी पंतप्रधान झाल्यावर ते १९९८ मध्ये त्यांना भेटायला दिल्लीला गेले आणि बोगदा मागितला. ३ जून २००० रोजी घोषणा झाली, २०१० मध्ये मुख्य बोगद्याची पायाभरणी झाली आणि २०२० मध्ये काम संपलं. सीमा सडक संघटनेनं तो बांधला. लष्कराची वाहतूक हे त्याचं मोठं कारण होतंच. पण आजोबांना त्याचं महत्त्व एकाच गोष्टीवरून वाटत होतं. “अब बीमार आदमी सर्दी में भी कुल्लू पहुँचता है,” ते म्हणाले.

श्रोतेहो, येताना त्या बोगद्यातून आम्ही फोटो काढत आलो होतो. जाताना मिस्त्री माझ्या मागे बसलेला होता, आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही. आम्ही खिंडी बघायला गेलो होतो, हौसेनं. तिथल्या माणसांना खिंड म्हणजे दवाखाना, शाळा, बाजार आणि माहेर यांच्यामधला अडसर असतो. नाणेघाटानं वर येणाऱ्या बैलवाल्यालाही तो देखावा वाटला नसणार.

गावात आल्यावर थट्टा झाली, ती व्हायचीच. तमाशाचं गाव आहे आमचं. पारावर बतावणी रंगली, “लडाखला गेले आन् बोगद्यातनं माघारी आले!” मिस्त्री सगळ्यात जास्त हसला. अम्मीनं आमच्या दोघांच्या दंडावरची नाणी सोडली आणि मशिदीबाहेर बसणाऱ्या फकिराला दिली. मिस्त्री हल्ली लडाखला निघालेल्या पोरांच्या गाड्या तयार करून देतो. पैसे घ्यायच्या आधी तो त्यांना विचारतो, जिस्पाला किती रात्री थांबणार? डोकं दुखलं तर एकमेकांना सांगणार का? खाली आणायची वेळ आली तर कोण कुणाला आणणार, हे ठरवलंय का? पोरं हसतात. तो मात्र उत्तर मिळाल्याशिवाय किल्ली देत नाही.

मला विचाराल तर मराठीत निरोपाची एक फार शहाणी रीत आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. कुणी चुकून म्हटलं तर आई लगेच दुरुस्त करते. कितीही लांब जायचं असो, उंबरठ्यावर आपण म्हणतो, ‘येतो’.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)